सात वाजताचं जास्वंद

आमच्या कंपनीत केमिकल किती साठवायचं यावर सरकारी मर्यादा आहे. किश्श्यांवर नाही, त्यामुळे ते साठतच जातात! चहाला चार जण जमले की एक तरी बाहेर पडतो, आणि सांगणारी बहुतेक वेळा मीच असते.

अंबरनाथ एमआयडीसीत आमची रंगांची रसायनं बनवणारी कंपनी. भिंतीच्या पलीकडे मोरिवली गाव. माझ्या कार्डावर लिहिलंय, ‘क्रायसिस कम्युनिकेशन’. म्हणजे कंपनीत काही बिघडलं की फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लोकांना काय ते नीट सांगायचं. विठ्ठलवाडीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र सगळ्यांना वाटतं मी टेलिफोन ऑपरेटर आहे. आईने समजावणं सोडून दिलंय.

नियम एकच. कुठलीही पोस्ट हेड ऑफिसच्या अप्रूव्हलशिवाय टाकायची नाही.

* * *

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. कोणीतरी आमच्या धुराड्याचा व्हिडिओ टाकला, ‘पांढरा विषारी धूर!’ अहो, बॉयलरची वाफ होती ती. मी लगेच दोन ओळी लिहिल्या, ‘ही फक्त वाफ आहे, घाबरू नये.’ हेड ऑफिसला पाठवल्या.

तिकडे तीन साहेबांनी वाचल्या. एकाने ‘फक्त’ काढला, दुसऱ्याने परत घातला. अप्रूव्हल आलं दुसऱ्या दिवशी दुपारी. मी पोस्ट टाकली.

त्या दिवशी बॉयलर दुरुस्तीसाठी बंद होता. पहिली कमेंट आली, “कुठली वाफ?”

* * *

मग तक्रार आली वासाची. ‘मोरिवलीत केमिकलचा भयंकर वास, कंपनी झोपली आहे का?’

आमचे मॅनेजर लालवानी सर उल्हासनगरचे. घरचा कापडाचा धंदा सोडून केमिकलमध्ये आले, पण बोलणं गल्ल्यावरचंच राहिलं. त्यांनी स्वतःच खाली उत्तर लिहिलं, “भाऊ, टेन्शन नको. शाम तक वास क्लिअर, गॅरंटी!”

“सर, वास कुठून येतोय ते तरी आधी बघू या,” मी म्हटलं.

सेफ्टी ऑफिसर गायकवाड साहेब गॅस मोजायचं मीटर घेऊन निघाले, मागे मी. गायकवाड साहेब म्हणजे इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि प्रत्येक गोष्टीची नोंद. मीटरचा काटा जागचा हलेना, म्हणून शेवटी आम्ही नाकाच्या भरवशावर चालत राहिलो आणि पोचलो थेट भोईर मावशींच्या गच्चीवर. तिथे दोरीवर बोंबील वाळत होते!

भोईर मावशी आमच्या गेटबाहेर पोह्यांची गाडी लावतात. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनही त्याच.

“माझ्या बोंबलांचा नाव फेसबुकवर घेतलास ना पोरी, तर उद्यापासून पोहे बंद!” मावशींनी मला दम दिला.

आता खरंही सांगायचं होतं, आणि पोहेही हवे होते. गायकवाड साहेबांनी पेन काढलं आणि गंभीरपणे मजकूर लिहून दिला, “वासाचा स्रोत स्थानिक असून तो खाण्यायोग्य आहे.”

अप्रूव्हल लगेच आलं!

* * *

मॉक ड्रिलचा किस्सा तर अजून निघतो. गॅस लागून बेशुद्ध पडलेला कामगार म्हणून पॅकिंगमधल्या शिंदेला स्ट्रेचरवर झोपवलं. मी फोटो टाकला, वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘सराव’. कोणीतरी वरची पट्टी कापून फोटो पुढे पाठवला.

अर्ध्या तासात शिंदेची बायको बदलापूरहून रिक्षा करून गेटवर हजर. डोळ्यांना पदर. आत बघते तर नवरा स्ट्रेचरवर बसून वडापाव खातोय. तिने आधी त्याला मिठी मारली, मग सगळ्यांसमोर जे झापलं, ते अप्रूव्हल घेऊनसुद्धा लिहिता येणार नाही.

तोवर फेसबुकवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली होती. शिंदेने घरी जाता जाता प्रत्येकाला स्वतः उत्तर दिलं, “धन्यवाद.”

आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. पण त्या संध्याकाळी मला मनापासून भीती वाटली. वाफ म्हटलं तर उशीर, सराव म्हटलं तर मयत. उद्या खरंच काही गळलं, तर मोरिवलीला वेळेवर कळणार कसं? आणि आपण सांगितलेलं कोण खरं मानणार?

मी मावशींना विचारलंही, “तुम्ही आमचं पेज बघता ना?”

“नाय बा,” मावशी पोहे परतत म्हणाल्या. “मी साहेबाचा फूल बघते.”

* * *

फुलाचं सांगायचं राहिलंच. गायकवाड साहेब रोज सकाळी पूर्ण प्लांट फिरतात. आत मोबाइल न्यायला बंदी, तो गेटवर जमा. फेरी संपली की गेटवर येतात, फोन घेतात, तिथल्या कुंडीतल्या जास्वंदीचा फोटो काढतात आणि बरोबर सातला गावच्या ग्रुपवर टाकतात, “सुप्रभात. प्लांट फिरून आलो. सगळं ठीक.” रजेवर असले तर नाइट शिफ्टच्या ऑफिसरला हेच करायला लावतात. एकही दिवस खंड नाही.

हेड ऑफिसला कळलं तेव्हा पत्र आलं, ‘याला अप्रूव्हल आहे का?’ लालवानी सरांनी उलट उत्तर पाठवलं, “फूल इज नॉट कम्युनिकेशन. फूल इज फूल.” फूल चालूच राहिलं.

मग ती सकाळ आली. पावणेसातला एका पाइपचा जोड सुटला. अ‍ॅसिडची वाफ, डोळे चुरचुरतील अशी, आणि वारा थेट मोरिवलीकडे. गायकवाड साहेब मास्क लावून आतच अडकले. मी ऑफिसात घाईघाईने लिहिलं, ‘गळती झाली आहे. दारं-खिडक्या बंद करून घरात थांबा.’ हेड ऑफिसला फोन करून उठवलं.

उत्तर आलं, “‘गळती’ शब्द टाळता येईल का?”

मला रडूच फुटलं. मागून लालवानी सरांनी वाचलं आणि टेबलावर हात आपटला, “भेज दे बेटा! नोकरी गेली तर माझी जाईल.”

सात वाजून बारा मिनिटांनी मी गावच्या ग्रुपवर मेसेज टाकला. लगेच मावशींचं उत्तर आलं, “माहीत हाय.”

वर सरकवून बघितलं. सात वाजून चार मिनिटांनी मावशींनी ग्रुपवर लिहिलं होतं, “फूल नाय आला. खिडक्या लावा, पोरांना आत घ्या.” खाली अख्ख्या गावाचे अंगठे!

आठच्या आत जोड बसला. गायकवाड साहेब लाल डोळ्यांनी गेटवर आले, फोन घेतला, कुंडीपाशी वाकले. “सुप्रभात. उशीर झाला. पाइप दुरुस्त केला. हवा मोकळी. सगळं ठीक.” भिंतीपलीकडे एकेक खिडकी उघडत गेली. मावशींनी त्या दिवशी पोह्यांचे पैसे घेतले नाहीत.

आठवड्याने हेड ऑफिसचा मेल आला. गावात कोणालाही त्रास झाला नाही म्हणून अभिनंदन, आणि ‘ज्या पोस्टमुळे गाव इतक्या लवकर सावध झालं, तिचा स्क्रीनशॉट प्रेझेंटेशनसाठी पाठवावा.’

गायकवाड साहेबांनी खरं तेच लिहिलं, “ती पोस्ट त्या दिवशी वेळेवर पाठवलेली नव्हती, म्हणूनच गाव सावध झालं.”

हेड ऑफिसचं उत्तर दुपारी आलं.

“उत्तम. पण न पाठवण्याचं अप्रूव्हल कोणाकडून घेतलं होतं?”