अकराची बाकी

चौथीनंतर शाळा सुटली आणि पोटासाठी नाशिककडून थेट गोंदियाला येऊन पडलो. मालधक्क्यावरच्या बाबूंनी मला डब्यांचे नंबर उतरवायच्या कामाला लावलं, राहायला आपली पडवी दिली. ते उपकार मी विसरलेलो नाही. भीती मात्र रोजची: याला फारसं काही येत नाही, हे बाबूंना कधीतरी कळणारच.

मालगाडी आली की एकाने डाव्या अंगाने, दुसऱ्याने उजव्या अंगाने चालत पाच आकडी नंबर लिहायचे. मग सगळे आकडे मिळवून नवाने भागायचं. दोघांची बाकी जुळली की याद्या बरोबर. ही नवाची युक्ती मीच शाळेतून आणलेली. बाबूंपुढे मिरवायला माझ्याकडे तेवढंच होतं.

मग गोरेगावकडचा एक मॅट्रिक झालेला जोडीला आला. आठवड्याच्या आत म्हणाला, "नवाले क्रम कुठं दिसते गा? २७ च्या जागी ७२ लिहिलं तरी बाकी तेच!" त्याने अख्ख्या गाडीचे नंबर एकापुढे एक जोडले. दोनशे आकड्यांची एकच संख्या झाली. शेवटून एक आकडा मिळवत, पुढचा वजा करत त्याने तिची अकराची बाकी काढली. दोन्ही याद्यांची बाकी जुळेना; डब्यांशी ताडून पाहिलं, तर चूक माझ्याच यादीत.

"देखो, इसको कहते हैं दिमाग!" बाबू म्हणाले.

त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. आमच्यातला एकच जण हपिसात टेबलावर, बसून लिहायच्या कामाला, जायचा होता. मी काय केलं, तर रोज त्याची यादी माझ्या यादीशी आकडा-आकडा ताडून पाहू लागलो. कामासाठी नव्हे, तो चुकावा म्हणून.

महिन्याभराने चुकला. ४३७१६ चे त्याने ४१७३६ लिहिले होते. नवाची बाकी जुळली, अकराचीही जुळली. मी लगेच बोललो नाही. गाडी सुटायची वेळ झाली, बाबू आले, चार माणसं जमली, तेव्हा बोट ठेवलं.

तो खजील होईल असं वाटलं होतं. तो हरखलाच. "बाप्पा! मधात एक घर सोडून आकडे बदलले, म्हणून अकराले बी दिसलं नाही! तुले कसं दिसलं गा? सांग ना."

काय सांगणार? म्हणालो, "सहज."

"नजर तेज है," बाबू म्हणाले, आणि टेबल मला मिळालं. सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण खिडकीतून तो दिसायचा. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात खडूने रिकाम्या डब्यावर भागाकार मांडत बसलेला, शेजारची आणि एक घर सोडून झालेली, अशा दोन्ही अदलाबदली पकडणारा आकडा शोधत. मी गेलो तर जागा करून द्यायचा. मला तिथलं निम्मं कळत नसे. टेबलावर बसूनही मी त्याच्यावर जळत राहिलो.