दीड व्होल्टचा तोरा

पंचवटीच्या गल्लीत बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या आणि जुने विकणाऱ्या खंडेरावांना नव्या मेमरीचं नाव काढलं तरी चीड यायची. मेमरीची जुनी पट्टी दीड व्होल्टवर चालायची, पुढची एक पॉइंट दोनवर, आताची एक पॉइंट एकवर. हे त्यांना तोंडपाठ. "एवढ्याशा फरकासाठी लोक माझ्या चांगल्या मशीनला लाथ मारतात. मूर्खांचा बाजार!" असं ते येईल त्याला ऐकवायचे.

परवा पेठ तालुक्यातल्या फुलाबाई नवंकोरं मशीन एसटीत घालून आल्या. पाड्यावर त्या दाखल्यांचं, अर्जांचं केंद्र चालवतात. दुपारी लाइट गेली की सगळा भार इन्व्हर्टरवर, आणि तो थोड्याच वेळात मान टाकतो. मग डोंगर उतरून आलेली म्हातारी माणसं पेन्शनच्या अर्जाशिवाय परत जातात.

"दुकानवाला म्हनला, नवी मेमरी निम्मीच वीज खाती. पन जुनं तासभर चालायचं, हे त्याहून अर्धाच तास जास्त चालतं, दादा. असंच राहिलं तर केंद्र काढून घेतील माझं."

खंडेरावांनी झाकण काढून मशीन सुरू केलं आणि ते खदाखदा हसले. मेमरीच्या पट्ट्यांवर लाल-निळे दिवे नाचत होते. "वाचवलेली वीज रोषणाईला! बाई, अक्कल घरी ठेवून गेला होतात का?" त्यांनी वीज मोजायचा मीटर लावला. शंभर वॅट. "यात मेमरीचे पाच-सहा. त्यातले निम्मे वाचवून कोणता डोंगर हलणार?"

"मग तुमच्याकडनं नेलेलं जुनं याच्याहून लवकर का बसायचं?"

तसंच जुनं मशीन फळीवर होतं. गिऱ्हाइकांच्या मशीनला रोज मीटर लावणाऱ्या या शहाण्याने स्वतः विकलेल्याला तो कधीच लावला नव्हता. आता लावला. दीडशे वॅट. खंडेरावांचं तोंड एवढंसं झालं.

टेबलावर त्यांच्या मुलीचा, तृप्तीचा, पातळ लॅपटॉप होता. त्याची मेमरी बोर्डावरच पक्की बसवलेली, कमी विजेची. काढता येत नाही, बदलता येत नाही, म्हणून खंडेराव त्याला हातही लावत नसत. आता त्यांनी त्यालाही मीटर लावला. बारा वॅट.

"असला घ्या," ते खालच्या आवाजात म्हणाले. "संध्याकाळपर्यंत चालेल."

"बिघडला तर तुमच्याकडंच आनीन, दादा."

"नका आणू," खंडेराव म्हणाले. "मला नाही येत तो दुरुस्त करायला."