जांभळे केस, जांभळी बोटं

नायगावात आमच्या मजल्यावर राहणारे काका निवृत्त झाल्यावर केस जांभळे करू लागले. रंग लावायचं काम काकूंचं. डाग पडू नये म्हणून काका आधी कपाळाला, कानांना खोबरेल चोपडत, अंगावर जुना टॉवेल घेत आणि पाकिटातले हातमोजे स्वतःच घालून बसत. म्हणत, "चुकून डोक्याला हात गेला तर?" काकू उघड्या हातांनी रंग लावत.

पुतण्याच्या लग्नात कुणीतरी काकूंच्या जांभळ्या बोटांबद्दल विचारलं. काका हसून म्हणाले, "हिला धांदलच फार. मला बघा, एक डाग नाही!"

"अहो, पुढच्या वेळी तुमचं तुम्हीच लावा," काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या.

हल्ली काका ज्याला त्याला सांगतात, या वयात पांढरे केसच शोभतात.