खांद्याला शेक

दुबईत वाढलेल्या मुलांचं मराठी व्हिडिओ कॉलवरून येतं, नाहीतर येतच नाही. माझं बाबांच्या पेटीतून आलं. कॉलेजात असताना बाबा पुण्यात विज्ञान चळवळीत होते. चौकात उभं राहून पत्रकं वाटायचे. नोकरीसाठी इकडे आले तेव्हा लोणच्याच्या बरण्यांसोबत पुस्तिकांनी भरलेली एक पेटीही आली. गोष्टींची पुस्तकं संपली की मी त्या पुस्तिका वाचायची. त्यामुळे मला ‘कृपया’च्या आधी ‘थोतांड’ हा शब्द लिहिता येऊ लागला. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या एका वाढदिवसाला जादूगाराने टोपीतून रुमाल काढला, तेव्हा खुर्चीवर उभं राहून मी ओरडले होते, “मित्रहो, फसू नका!” केक कापायच्या आत आम्हाला घरी यावं लागलं. बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं, आणि ते अजिबात रागावलेले नव्हते.

मोठी झाल्यावर मीही पत्रकं काढू लागले. कागदाची नाहीत, फोनवरची. आमच्या भागातल्या मराठी कुटुंबांचा एक ग्रुप आहे. त्यावर कुणी बुटात घालायचे चुंबकाचे तळवे विकायला आणले, तांब्याचं कडं आणलं, शरीर ‘आतून धुणारा’ चहा आणला, की रविवारी सकाळी माझं पत्रक ठरलेलं. काही काकू मला ग्रुपवर नमस्कार करतात आणि लिफ्टमध्ये मात्र टाळतात.

अशा माझ्या घरात, माझ्याच वडिलांनी, इन्फ्रारेड सॉना आणला.

अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या व्हिलात राहणारे त्यांच्या ऑफिसातले एक जण देश सोडून चालले होते. जाणारी माणसं सोफा, सायकली, कुंड्या वाटून टाकतात. यांनी बाबांना सॉना दिला. मी सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसातून घरी आले तेव्हा पिकअपचा पठाण ड्रायव्हर लाकडाची शेवटची फळी दारातून आत ढकलत होता. “यल्ला, यल्ला, दीवार बचाओ,” तो अरबी-हिंदीत बाबांना घाई करत होता, आणि बाबा भिंत वाचवत होते. रात्रीच्या जेवणापर्यंत हॉलमध्ये चपलांच्या कपाटाशेजारी कपाटाएवढी लाकडी खोली उभी राहिली. काचेचं दार, आत दोघांना चिकटून बसता येईल असं बाक, भिंतीत पट्ट्यांमागे विजेवर तापणारे काळे पॅनेल. ना वाफ, ना दगड. बटण दाबलं की गरम, एवढंच.

सोबत माहितीपत्रक होतं. ते मी उभ्याउभ्याच वाचलं. “शरीरातली विषद्रव्यं घामावाटे बाहेर!” मी मोठ्याने वाचून दाखवलं. “बाबा, घामातून पाणी जातं, मीठ जातं. विषाचं काम मूत्रपिंडं करतात, यकृत करतं. हे तुम्हीच मला शिकवलंत!”

“हो,” बाबा स्क्रू पिळत म्हणाले.

“बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे. खाली माळी घामाने निथळतोय, डिलिव्हरीवाले हेल्मेटमध्ये शिजतायत. आणि आपण एसी लावलेल्या घरात, घाम यावा म्हणून, वीज जाळून अजून एक खोली तापवणार? याला काही अर्थ आहे?”

“त्याला अर्थ नाहीच,” बाबा म्हणाले. “पण मी हा घामासाठी नाही आणलेला. तुझ्या आईला शेकायला आणलाय.”

मी माहितीपत्रक घडी करून चपलांच्या कपाटावर ठेवलं.

आईचा उजवा खांदा आखडला होता. आधी दुखला, मग दुखणं कमी झालं आणि हातच वर जाईना. ‘फ्रोझन शोल्डर’, डॉक्टर म्हणाले, साखर असलेल्यांना होतो बऱ्याचदा. शेक घ्या, व्यायाम करा, वेळ लागेल. आईने दुखण्याबद्दल तक्रार केली नाही. तिची तक्रार एकच होती: केस. कमरेपर्यंतचे दाट केस. ती शाळेच्या ऑफिसात काम करते आणि सकाळी अंबाडा घातल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. आता तिचा हात मानेपर्यंतही पोचत नव्हता. एकदा बाबांनी प्रयत्न केला; तिने आरशात बघून “अहो, हे वारूळ आहे,” म्हणून ते सोडलं. तेव्हापासून अंबाडा मी घालत होते. मी घाईत, ती स्टुलावर मान ताठ करून. कापून टाक, असं तिला सगळ्यांनी सुचवलं. ती म्हणायची, “केसांना काय झालंय? खांद्याला झालंय. खांदा कापू का?”

मला अंबाडा घालून देण्यात काही वाटत नव्हतं. तिला वाटत होतं. पन्नाशीच्या बाईला रोज सकाळी कुणाची तरी वाट बघत स्टुलावर बसावं लागत होतं.

रक्तदाबाचं आणि साखरेचं डॉक्टरांना विचारून घेतलं, थोडाच वेळ बसायचं, पाणी प्यायचं, गरगरलं तर लगेच बाहेर, असं ठरलं आणि आईचा शेक सुरू झाला. तिला तो पहिल्या दिवसापासून आवडला. जुन्या सुती गाऊनमध्ये टॉवेल घेऊन ती आत जाऊन बसायची, आणि काचेतून दिसायचं की तिचा चेहरा सैल पडलाय. बाहेर आली की म्हणायची, “तव्यावर फडकं गरम करून शेकायचे ना, तसंच. फक्त इथे मीच फडकं.” रात्री झोप लागू लागली. खांदा टोचेना. मी विषद्रव्यांबद्दल काही बोलले की ती हात हलवायची. डावा.

आणि तिथेच घोळ झाला. महिन्याभराने क्लिनिकमध्ये हसतमुख पण कडक मल्याळी फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिचा हात हळूहळू वर नेला. तो पूर्वी जिथे अडायचा तिथेच अडला.

“आंटी, एक्सरसाइज करती हो?”

“सॉना लेती हूं ना रोज,” आई अभिमानाने म्हणाली. “बहुत अच्छा लगता है.”

“अच्छा तो लगेगा. पर आंटी, आपने तवा गरम किया, रोटी डाली ही नहीं.”

परतताना गाडीत मी जिंकलेल्या माणसासारखी बोलत होते. शेकाने स्नायू सैल होतात, बस. हात उघडायला हात हलवावाच लागतो, घाम आला म्हणजे काम झालं असं आपल्या लोकांना वाटतं, गरम म्हणजे गुणकारी, कडू म्हणजे औषध... आई खिडकीबाहेर बघत होती. मग तिने बाबांना विचारलं, “अहो, हिला बंद कुठून करतात?”

बाबांनी इंडिकेटर दिला. गाडी चालवणाऱ्याने तटस्थ राहावं असं त्यांचं मत आहे.

माझ्या मनात आलं की हिच्यासाठी एक पत्रक काढावं. एकाच वाचकासाठी. फिजिओने सांगितलेला व्यायाम साधा होता: भिंतीला बोटं टेकवायची आणि खेकड्यासारखी वर चढवत न्यायची, जिथे ओढ बसेल तिथे थांबायचं. मी चिकटपट्ट्यांवर ओळी लिहिल्या आणि सॉनाच्या काचेच्या दारावर आतून, एकावर एक, वर वर चिकटवत गेले. सर्वांत खाली ‘नागरिक भगिनी, उठा!’, त्यावर ‘हात आहे तर हक्क आहे!’, अगदी वर ‘अंबाडा आपला, आपणच घालू!’ वाचत वाचत बोटं चढतील अशी योजना.

दुसऱ्या दिवशी आई आतून ओरडली, “अगं, तुझी क्रांती खाली पडतेय!”

उष्णतेने गोंद सुटला होता. चिकटपट्ट्या गाऊनवर, बाकावर, एक तिच्या घामेजल्या कपाळावर. मी दार उघडलं तेव्हा ती इतकी हसत होती की तिला बसवत नव्हतं. “ये आत,” ती म्हणाली, “दार बंद कर, गरमी चाललीये.”

मी ऑफिसच्या कपड्यांत आत बसले. फोन बाहेर राहिला. लाकडाचा वास, मांडीला मांडी, आणि करायला काहीच नाही. आईने काचेवर बोटं टेकवली आणि चढवू लागली. तर्जनी, मधलं बोट, तर्जनी. खांद्याच्या थोडं वर पोचल्यावर तिचा श्वास अडला. ती तिथेच थांबली. मग डाव्या हाताने कपाळावरची टिकली काढली आणि बोटं होती तिथे काचेवर लावली.

“उद्या हिच्या वर,” ती म्हणाली. “आणि पडायची नाही. टिकलीचा गोंद आहे. बाथरूमच्या आरशावर वर्षानुवर्षं राहतात.”

ते खरं होतं. आमच्या आरशावर माझ्या शाळेच्या काळातल्या टिकल्या होत्या.

त्यानंतर मी बहुतेक संध्याकाळी तिच्याबरोबर बसू लागले. मला काही दुखत नव्हतं. टिकल्या चढत गेल्या, काही दिवस केसभर, काही दिवस मुळीच नाही. एकदा तीन दिवसांच्या खंडानंतर बोटं जुन्या टिकलीच्या खालीच अडली. तिने नवी टिकली तिथेच, खाली लावली. “खोटं नाही लावायचं,” ती म्हणाली. पत्रक काढणाऱ्या बाईच्या घरात हे वाक्य कुणी बोलायला हवं होतं आणि कोण बोललं, हे मी मनात ठेवलं. त्या खोलीत तिने मला सांगितलं की लग्नाआधी बाबांनी तिला भेटायला येताना फुलं आणली नव्हती, बुवाबाजीवरची पुस्तिका आणली होती. “मग तू हो का म्हणालीस?” “त्यांनी ती वाचून नाही दाखवली. तेवढं मला बरं वाटलं.” बाहेर सोफ्यावर बाबा बातम्या बघत होते. काचेतून त्यांना ऐकू येत नसावं. किंवा येत असावं.

मग शेजारच्या काकू आल्या, साखर मागायला नाही, सॉना बघायला. त्यांनी काचेवर खालून वर गेलेली टिकल्यांची वेल पाहिली आणि गालावर हात ठेवला. “अय्या! हे कसलं व्रत?”

“रोज एक वर चढवायची,” आई अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली. “खांदा मोकळा होतो.”

“टिकली कुठलीही चालते? की लालच?”

“लाल बरी.”

काकू गेल्यावर मी आईला धरलं. “आई! तू या बिल्डिंगमध्ये अंधश्रद्धा सुरू केलीस! उद्या सगळ्या काकू काचांना टिकल्या लावतील!”

“मग हात तरी वर जातील त्यांचे.”

“पण कशामुळे ते त्यांना कळायला नको?”

“कळायला हवं ना,” ती म्हणाली. “मग सांग की. तुझं कामच आहे ते. पण नीट सांग, लिफ्टमध्ये पळून जावं असं नको.”

त्या रविवारचं पत्रक लिहायला मला आजवर सगळ्यांत जास्त वेळ लागला. उद्गारचिन्हं काढून टाकली. लिहिलं की आमच्या घरी सॉना आहे, त्याने विष जात नाही. शेक मिळतो, बरं वाटतं, आणि बरं वाटणं ही छोटी गोष्ट नाही. टिकलीत काही शक्ती नाही, ती काल हात कुठवर गेला होता ते दाखवते. हात व्यायामाने उघडतोय. काही भाग नुसत्या वेळानेही उघडत असेल. कशाचा किती वाटा ते आम्हाला ठाऊक नाही. रक्तदाब, साखर असेल तर आधी डॉक्टर. आईने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, “पाणी प्यायचं लिहिलंस, टॉवेलचं नाही लिहिलंस.” मी टॉवेल घातला. काकूंनी खाली लिहिलं, ‘छान माहिती. टिकली लालच ना?’ आणि पुढे हसणारे चेहरे. लिफ्टमध्ये त्या माझ्याशी पहिल्यांदा पाच मजले बोलल्या, स्वतःच्या गुडघ्याबद्दल.

खालचा माळी अजून उन्हात काम करतो, दुपारची सक्तीची सुट्टी संपली की पुन्हा. त्यावर माझं वेगळं पत्रक आहे आणि त्यात उद्गारचिन्हं आहेत. सॉनाने तो प्रश्न सुटत नाही, आणि आईचा हात वर गेला म्हणून मी तो सोडूनही देत नाही.

परवा सकाळी मी कंगवा घेऊन आले तर स्टूल रिकामं होतं. आई आरशासमोर उभी होती, दातांत दोन आकडे, दोन्ही हात डोक्यामागे. उजवा कोपर थरथरत होता. मी पुढे झाले, तर आरशातूनच तिने मला डोळ्यांनी थांबवलं. पीळ दिला, गुंडाळला, एकदा सुटला, परत गुंडाळला. आकडे खोचले. हात खाली आणले आणि खांदा चोळला.

बाबा दारात चहाचा कप घेऊन उभे होते. “जरा डावीकडे झुकलाय,” ते म्हणाले.

“झुकू दे,” आई म्हणाली. पर्स घेतली, चपला घातल्या आणि लिफ्टचं बटण उजव्या हाताने दाबलं.