आत्याचं माप

आमच्या घरात कुणाला कवडीचुंबक म्हणायची वेळच आली नाही. "अगदी तुझ्या आत्यासारखं" म्हटलं की भागायचं. साबणाचा झिजलेला तुकडा नव्या वडीला चिकटवणारी ती आत्या. टूथपेस्टची नळी कात्रीनं उभी चिरून आतलं बोटानं काढणारी तीही आत्याच. पाहुण्यांना चहा ओतताना कप भरत आला की तिचा हात आपोआप आखडायचा. तिनं लग्न केलं नाही, त्यावर आई म्हणायची, "वन्संना अख्खा नवरा म्हणजे उधळपट्टी वाटली असेल." आत्या खो खो हसायची आणि हसता हसता गॅस बारीक करायची.

ती एका मोठ्या हॉस्पिटलात औषधतज्ज्ञ होती. म्हणजे खिडकीतून औषधं देणारी नव्हे. अतिदक्षता विभागात डॉक्टरांबरोबर फेरीला जायची आणि कोणत्या पेशंटला कोणतं औषध किती नि किती वेळानं द्यायचं, ते बघायची. तिथे तिला "वाढपी बाई" म्हणत, कारण कुणी औषध हात राखून दिलं की ही भांडायला उभी. हे नाव आईच्या कानावर आलं तेव्हा तिला ती दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट वाटली.

मग बाबाच तिथे दाखल झाले.

बाबा सुतार. माणूस असा धडधाकट, की साधी शिंक आली तरी त्यांना स्वतःचाच राग यायचा. त्यांच्या पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाला, तो रक्तात पसरला, रक्तदाब कोसळला आणि पाठोपाठ मूत्रपिंडांनीही संप पुकारला. नेहमीचं, काही तासांत उरकणारं डायलिसिस त्यांना झेपणारं नव्हतं. म्हणून रात्रंदिवस हळूहळू रक्त धुणारं मशीन लावलं. बाबा बेशुद्धीत, अंग सुजून फुगलेलं, आणि उशाशी ते मशीन गुरगुरतंय. मला तिथे दोन मिनिटंसुद्धा उभं राहवत नव्हतं.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक निम्म्यावर आणलं होतं. मूत्रपिंडं बंद म्हणजे औषध शरीरात साठत जाणार, तेव्हा कमी द्यायचं. मलासुद्धा पटलं. घरच्या माणसाच्या औषधात एकट्यानं लक्ष घालू नये असा तिथला नियम होता, म्हणून आत्या आपल्या जोडीच्या बाईंना सोबत घेऊन गेली. बोलली मात्र हीच.

"डॉक्टर, मूत्रपिंडं बंद आहेत, पण मशीन चालू आहे ना? ते घाणीबरोबर औषधही धुऊन नेतंय. त्यात दादाच्या अंगात एवढं पाणी साठलंय, औषध पातळ होऊन जातंय. निम्म्यात काही व्हायचं नाही. पूर्ण द्या."

"आणि जास्त झालं तर?"

"तर झटके येतील, बरळायला लागेल. त्यावर मी नजर ठेवीन. कमी पडलेलं मात्र कळेपर्यंत उशीर झालेला असतो."

त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण मोजायची सोय तिथे नव्हती. सगळी मदार अंदाजावर. अति तेथे माती हे आपल्याला लहानपणीच शिकवतात. कमी तिथेही मातीच, हे कुणी सांगत नाही. डॉक्टरांनी चार्ट पुन्हा तपासला आणि डोस पूर्ण केला. "वन्संच्या तोंडून 'पूर्ण द्या'!" आई मला हळूच म्हणाली. "आता नक्की बरे होणार बघ तुझे बाबा."

आणि खरंच ताप उतरू लागला. बाबांनी डोळे उघडले, आईचा हात दाबला. रक्तदाब सावरला. पण मशीनचा फिल्टर सारखा तुंबायला लागला. कधी चालू, कधी बंद असं करत शेवटी ते बंदच ठेवलं आणि साधं डायलिसिस दुसऱ्या दिवशी करायचं ठरलं.

त्या दुपारी आम्ही भेटायला आत गेलो, तर बाबांचे दोन्ही हात चादरीवर हलत होते. पुढे, मागे, पुन्हा पुढे. आईचा चेहरा उजळला.

"अगं बघ, रंधा मारतायत! कामाला लागले!"

तेवढ्यात बाबा डॉक्टरांवर खेकसले, "हे दार उलटं कुणी बसवलं? आधी काढा ते!" आई तोंडाला पदर लावून हसली. किती दिवसांनी हसली होती. मीही हसले. नर्सबाईसुद्धा हसल्या.

आत्या आली ती हसली नाही. तिनं बाबांना हात समोर ताठ धरायला लावले. ते मनगटातून फडफडले, खाली पडले. "दादा, महिना कोणता चालू आहे?" तिनं विचारलं. बाबा विचार करून म्हणाले, "सागवान."

ती डॉक्टरांशी बराच वेळ बोलली आणि मग बाहेर आमच्याकडे आली.

"वहिनी, औषध कमी करतोय. डायलिसिसही उद्यावर न टाकता आजच."

आईचा तोल सुटला. "आत्ता कुठे ताप उतरलाय! हात हलवायला लागले, बोलायला लागले, आणि आता कमी? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. साबण पुरवून वापरा हो वन्सं, माझा नवरा पुरवून वापरू नका!"

कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली. खरं सांगते, त्या क्षणी मी आईच्याच बाजूची होते.

"तो रंधा मारत नाहीये, वहिनी," आत्या म्हणाली. "हातांना झटके येतायत. मशीन बंद पडलं, पण औषध पूर्णच चालू राहिलं. ते साठून डोक्यात चढलंय."

"आणि जंतूच डोक्यात गेले असतील तर? मग औषध कमी करून काय होईल?"

"मग दादा हातचा जाईल," आत्या म्हणाली. "पण तसं नाहीये. हे औषधच आहे." टेबलावर काय ठेवलंय ते सांगावं, इतक्या सरळ आवाजात.

आईनं डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. पुढचा डोस थांबवला, संध्याकाळी डायलिसिस झालं, आणि धुऊन जाऊ नये म्हणून औषध त्यानंतर दिलं, तेही कमी. आई आणि आत्या एकाच बाकावर दोन टोकांना बसल्या होत्या. मध्ये मी. दोघींनाही घरी चला म्हणून बघितलं, पण ऐकतंय कोण.

सकाळी बाबांचे हात चादरीवर निवांत पडले होते. ताप नव्हता. आत्याला बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तू इथे काय करतेस? कामावर नाही गेलीस?"

"कामावरच आहे," आत्या म्हणाली आणि घाईनं बाहेर निघून गेली.

पुढे बाबांची मूत्रपिंडं सावकाश कामाला लागली. घरी सोडायच्या दिवशी मी त्यांची पिशवी भरत होते. आई आणि आत्या खिडकीपाशी उभ्या होत्या.

"वन्सं, एक विचारू? त्या दिवशी तुमची खात्री होती?"

"नव्हती."

"मग इतक्या ठामपणे कसं सांगितलंत?"

"डॉक्टरांना मी खरं ते सांगितलं होतं," आत्या म्हणाली. "औषध असावं असं वाटतं, पण चुकूही शकते, म्हणून. तुमच्यासमोर मात्र तोंडातून निघेना. तुम्ही माझ्याकडे अशा बघत होतात... आणि भाऊ आहे हो तो माझा."

आई आत्याचा हात धरून म्हणाली, "पुन्हा कधी अशी वेळ आली ना, तर तेव्हाही मला खरं सांगू नका."