काकीच्या हंड्याचं बूड

आमच्या घरात हंडा नव्हता. त्यात काय एवढं, असं आज कुणालाही वाटेल. पण काशीदजवळच्या आमच्या कोळीवाड्यात हंड्यावाचून जाळं टिकत नसे. सुती जाळं खाऱ्या पाण्यात कुजतं, म्हणून ऐनाच्या झाडाची साल हंड्यात उकळायची आणि त्या लाल पाण्यात जाळं मुरवायचं. हंडा शेजारच्या काकीचा. तिची जाळी झाली की आमची पाळी. तोवर आमचं जाळं विरलेलं असे, मासळी निसटे आणि आई कण्यांच्या पेजेत पाणी वाढवी.

घरात नसलेला हंडा बोलण्यात मात्र सारखा असे. बहीण रुसली की तिच्या तोंडाचा हंडा. होडी हाकणारा पोट सुटलेला तांडेल म्हणजे चालता हंडा. कुणी नवी टोपी घातली की, "काय रे, पुरलेला हंडा गावला काय?" आणि माझं डोकं? बाप म्हणे, "हंडाच हाय. मोठा, पन रिकामा."

मी तेव्हा अलिबागच्या शाळेत मॅट्रिकच्या आदल्या वर्गात होतो. बापाला मी होडीवर हवा होतो. आईने कसंबसं एक वर्ष मागून घेतलं होतं. त्या सुट्टीत बाप म्हणाला, "साल उकळतेय, नजर ठेव." मी ठेवली, पण भूमितीच्या पुस्तकावर. पाणी आटलं, साल करपली. वास आला म्हणून वाकून पाहिलं, तर हंड्यातून खालची चूल दिसत होती!

"उद्यापासून होडी," बाप एवढंच बोलला.

मागून आणलेलं भांडं आमच्यात रिकामं परत करत नाहीत. आईने सवयीने हंड्यात सुके बोंबील टाकले. हंडा घेऊन मी पुढे, बाप मागे. काकीच्या दारात पोचलो तेव्हा हंड्यात बोंबील नव्हते आणि बापाच्या मागे तीन मांजरं होती.

काकीने हंडा उचलला आणि भोकातून माझ्याकडे पाहिलं.

"वाचत व्हतास?"

"व्हय, काकी."

काकी पोट धरून हसली. मग बापाला म्हणाली, "याला होडीवर घेशील? होडीचं बी बूड घालवल हा! त्यापरीस शिकू दे. शिकला की माझा हंडा देल. नवा, आनि भरून."

बापाने मला शाळेत राहू दिलं. होडीची काळजी त्याला माझ्याहून जास्त होती.

पुढची सहा-सात वर्षं वाड्यात माझं नाव हंडाफोड्या. काकी आणि आम्ही, दोघंही तिसऱ्या घरी हंडा मागत होतो. मॅट्रिक झालो, मुंबईला कॉलेजात गेलो, मग अलिबागला मास्तर झालो. पहिल्या पगारात तांब्याचा हंडा घेतला आणि तांदळाने भरून काकीपुढे ठेवला. तिने तांदूळ सुपात ओतले, हंडा उलटा केला आणि बुडावर टिचकी मारली. "बरा हाय," म्हणाली.

पुढल्या पगारात दुसरा घेतला. असा मी आमच्या वाड्यातला पहिला बी.ए. झालो, आणि आमच्या घरात आमचा स्वतःचा हंडा आला.