नवरदेवाच्या गाडीची लाइट

आता हे तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू! माझ्या धाकट्या मेव्हणीचं लग्न, मादन हिप्परग्याला. नवरदेवाला बसवण्णाच्या देवळापासून मांडवापर्यंत माझ्याच गाडीतून आणायचं ठरलं होतं. थोरल्या जावयाचा मान म्हणजे काय थोडा असतो का? गाडी जुनी, पण इंजिन ठणठणीत. फक्त पुढच्या दोन्ही लाइटी म्हाताऱ्याच्या डोळ्यांसारख्या पिवळट झालेल्या.

मेव्हणा शिवराज, त्याचं कलबुर्गीला गाड्यांच्या सामानाचं दुकान. तो फोनवर म्हणाला, "भावजी, आयता सेट पाठवतो. दोन बोल्ट काढा की बसवा."

पण मी व्हिडिओ पाहिलेले ना! म्हटलं, "शिवू, बाजारातलं सगळ्यांकडंच असतंय. माझी लाइट मी घरीच बनवतो."

मग काय, नौबादच्या आमच्या घरामागे दिवेलागणीला, धुण्याच्या दगडावर बल्बखाली मी दुकान मांडलं. बायकोच्या केस वाळवायच्या मशीनने कडेचा डिंक तापवला, काच सुटी करून घासली, आतून काळाकुट्ट रंग मारला, बल्बाभोवती निळी रिंग बसवली. असं रूप आलं म्हणता, मी स्वतःच चारदा लांब जाऊन बघून आलो. रंग वाळेपर्यंत सगळं तसंच उघडं ठेवून जेवून घेतलं. मग काच बसवून कडेने इतकं सिलिकॉन भरलं, की पाण्याच्या थेंबाची आत शिरायची बिशाद नव्हती.

दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी गाडीच्या पुढून आवाज यायला लागला. किर्र... किर्र...

"आवो, गाडी किरकिर कामून करायलीय?" बायको, महानंदा, म्हणाली.

"नवी वायरिंग हाय. बसायलीय जागेवर," मी ठोकून दिलं. असं काही नसतं हे मलाही ठाऊक होतं. उद्या सगळ्या सासुरवाडीपुढे गाडी अशी किरकिरली तर? सहज लाइट लावून बघितली, तर आवाज बंद! घालवली, पुन्हा किर्र. लावली, बंद. मला जो आनंद झाला! रोग सापडला होता: करंट मिळाला की वायर गप्प बसते. औषध सोपं, लाइट घालवायचीच नाही.

म्हणून भर उन्हात लाइटी लावून आम्ही निघालो. समोरून येणारा जो तो हाताची मूठ उघडझाप करून दाखवायचा. महानंदा म्हणाली, लाइट चालू राहिलीय असं सांगायलेत. मी म्हटलं, खुळे, लाइट आवडली म्हणायलेत. आळंद येईपर्यंत मी सगळ्यांना सलाम ठोकत गेलो.

हिप्परग्यात गाडीभोवती ही गर्दी जमली! शिवराजसुद्धा दोन फेऱ्या मारून मान हलवून गेला. मी तर हवेत.

लग्न दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या मुहूर्ताचं. दुपारपासून गाडी फुलं लावायला देवळापुढे उभी, आणि कुणाच्या कानावर किरकिर पडू नये म्हणून लाइटी चालूच. बॅटरी उतरेल, असं शिवराज येता-जाता बजावत होता. घरी बनवलेली लाइट करंट कमी खाते, असं मी त्याला समजावत होतो.

दिवस कलला. नवरदेव बाशिंग बांधून गाडीत बसला, बाजा दणाणला, मी रुबाबात किल्ली फिरवली. गाडी हूं नाही की चूं नाही. पुन्हा फिरवली. लाइटी मंद होत होत विझल्या. काय झालं ते बघायला बाजेवालेही थांबले.

आणि त्या शांततेत, किर्र... किर्र... किर्र...

अख्खं वऱ्हाड माझ्याकडे बघायला लागलं. मी आपला "वायर हाय, वायर हाय" म्हणतोय. नवरदेव शेतकरी गडी. बाशिंग सावरत खाली उतरला, लाइटीला कान लावला आणि हळूच म्हणाला, "अण्णा, ह्यात रातकिडा हाय."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. सासरे म्हणाले, शुभकार्याच्या दिवशी जीव कोंडून ठेवायचा नाही, आधी त्याला सोडा. सोडा म्हणजे कसं? सिलिकॉन माझं होतं! पान्याने सुटेना, सुरीने सुटेना. शेवटी माझ्याच हाताने बनवलेल्या लाइटीवर मी माझ्याच हाताने दगड घातला. काळ्या रंगातून काळा रातकिडा टुणकन बाहेर आला आणि गर्दीत दिसेनासा झाला. नवरदेव शिवराजच्या गाडीत बसून पुढे गेला. वरातीच्या मागे मी, माझी गाडी ढकलत.

सकाळी शिवराजने नवा सेट बसवून दिला. कलबुर्गीहून येतानाच बरोबर घेऊन आला होता, लबाड. दोन बोल्ट, बस्स. किल्ली माझ्या हातात ठेवत म्हणाला, "सेट चांगला हाय भावजी. एकच कमी हाय. आत कुणी ऱ्हात न्हाई."